रोवन दारात राहिला, डोंगरावरून गेला

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात छप्पर गेलेल्या, भिंती ढासळलेल्या घरांच्या चौथऱ्यांशेजारी आजही रोवनची झाडे उभी दिसतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची शंभरेक वर्षे जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळांना हुसकावले. माणसे शहरांत गेली, कॅनडाला गेली. दारातले झाड राहिले. ते मुद्दाम राखलेले होते. चेटूक आणि दृष्ट यांना रोवन उंबरठ्यावरच अडवतो, अशी तिथली जुनी समजूत. त्याचे फळ लालभडक, बुडाशी पाच टोकांची चांदणी. रंग आणि चांदणी दोन्ही तारक मानली जात. डहाळ्यांचा क्रूस लाल दोऱ्याने बांधून गोठ्यात टांगत, म्हणजे दुभत्याला बाधा होऊ नये. घराजवळचा रोवन तोडणे तर अशुभच. अशा हकिकती सांगून हल्ली एक निष्कर्ष काढला जातो, की निसर्गाला खरा आधार लोकश्रद्धेचा. रोवनच्या बाबतीत तरी तो टिकत नाही.

हे सफरचंदाच्या कुळातले, कमालीचे काटक झाड. निकस, आम्लधर्मी मातीत ते तगते आणि ब्रिटनमध्ये त्याच्याइतक्या उंचीवर दुसरे झाड क्वचितच चढते. कस्तूर कुळातले पक्षी त्याची फळे खातात आणि बिया विष्ठेतून दूरवर टाकतात. म्हणजे पसरायला त्याला माणसाच्या भक्तीची गरज नाही. तरीही उघड्या उतारांवर ते बहुधा कड्याच्या कपारीत, मोठ्या शिळेच्या माथ्यावर नाहीतर ओढ्याच्या घळीतच सापडते, कारण तिथे हरणाचे तोंड पोचत नाही. लांडगे संपले, मेंढ्या वाढल्या, आणि एकोणिसाव्या शतकात धनिकांच्या शिकारीसाठी डोंगरच्या डोंगर तांबड्या हरणांना राखून ठेवले गेले. रोवनचा कोवळा पाला हरणांना विशेष आवडतो. म्हातारे झाड फळत राहते, पक्षी बिया टाकत राहतात, पण रोप गुडघ्याएवढे होण्याआधीच खुडले जाते. श्रद्धेने फार तर कुऱ्हाड अडवली. चरणारे तोंड अडवणे तिला जमण्यासारखे नव्हते.

यावर आपल्याकडचा वाचक देवराईचा दाखला देईल, आणि तो योग्यच आहे. पण देवराईचा नेम एका झाडाला नसतो, जागेला असतो. कित्येक ठिकाणी पडलेली काटकीही उचलायची नाही, अशी रीत. रोवनची श्रद्धा घर आणि गोठा राखणारी. डोंगर तिच्या हिशेबात नव्हताच. शिवाय ती वाटते तितकी निरागसही नव्हती. स्कॉटलंडमध्ये 1563 ते 1736 या काळात चेटकाविरुद्ध कायदा होता आणि त्याखाली अडीच हजारांच्या आसपास माणसे मारली गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य बायका. 2022 मध्ये तिथल्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. दारावरची डहाळी आणि हा छळ, दोन्हींच्या मुळाशी भीती एकच होती.

रोवन डोंगरावर परतायचा तर हरणे कमी व्हायला हवीत. त्यावरचा अधिक अवघड आक्षेप वेगळाच आहे: झाडांसाठी हरणे मारायची का? स्कॉटलंडच्या केअर्नगॉर्म्स डोंगररांगेतल्या ग्लेन फेशी खोऱ्यात 2004 च्या सुमारास हरणांची संख्या बंदुकीने झपाट्याने कमी करण्यात आली, तेव्हा शिकारीवर पोट असलेल्यांनी कडाडून विरोध केला. त्यांची रोजगाराची चिंता खोटी नव्हती. मात्र उघड्या डोंगरावर कडक हिवाळ्यात उपासमारीनेही हरणे मरतातच, याचा उल्लेख त्या वादात सोयीस्करपणे राहून जातो. फेशीत आता पाइन, बर्च आणि रोवनची रोपे कुंपणाविना वर येत आहेत. दक्षिणेकडच्या कॅरिफ्रॅन खोऱ्यात लोकांनी वर्गणी काढून जमीन घेतली, चरणारी जनावरे बाहेर काढली आणि 2000 पासून लाखो झाडे लावली. तोही मार्ग चांगला, पण खर्चिक. आणि मोठ्या पट्ट्यांना कुंपण घातले की हरणांचा भार शेजारच्या डोंगरावर पडतो. म्हणून मला फेशीचा मार्ग पटतो. त्यासाठी लागणारा पैसा मात्र गावकऱ्यांच्या खिशातून न जाता, पिढ्यान्‌पिढ्या हरणे वाढवून शिकारीची फी घेणाऱ्या इस्टेटींकडून वसूल व्हायला हवा.