पानाची शोभा व वाचकाची सोय

पाश्चात्य रॉक संगीताच्या चाहत्यांत वाचलीं गेलेलीं, सॅन फ्रान्सिस्को येथें निघालेलीं दोन नियतकालिकें ताडून पाहण्याजोगीं आहेत. १९६६ सालीं निघालेल्या ‘ओरॅकल’नें इंद्रधनुषी रंगांत मजकूर गुंफिला, पान नेत्रसुखद, परंतु वाचन कष्टाचें. १९६७ सालीं निघालेल्या ‘रोलिंग स्टोन’नें साध्या वर्तमानपत्री कागदावर सरळ रकाने स्वीकारिले, गायकांचें म्हणणें सुखानें वाचतां येई. २००८ सालीं त्याची भारतीय आवृत्ति मुंबईंत निघाली.

यवतमाळ जिल्ह्यांतील शाळांतून हस्तलिखितें सजविणाऱ्या बालमित्रांनो, मुखपृष्ठावर वेलबुट्टी खुशाल काढा. आंत मात्र समास मोकळा व अक्षर ठळक असूं द्या. अक्षर लावून लावून वाचणाऱ्या आपल्या आईसच लेख वाचतां आला नाहीं, तर ती शोभा कोणासाठीं?