बारा काळांचा तक्ता

परवा नातवाने इंग्रजीची वही पुढे केली. पहिल्याच पानावर तोच तक्ता! वर्तमान, भूत, भविष्य, प्रत्येकाचे चार प्रकार, एकूण काळ बारा. नोकरीभर मीही हाच फळ्यावर काढला. (मी मराठी घेऊन बी.ए. झालेला. शाळेत इंग्रजीला कोणी नाही म्हणून आठवीचे तास गळ्यात पडले.) तेव्हा हक्काने सांगतो, हा तक्ता इंग्रजी शिकवत नाही, मुलांना घाबरवतो.

एकदा एका मुलीने लिहिले, 'द ट्रेन लीव्ज टुमॉरो ॲट सिक्स.' मी लाल शाईने 'विल लीव्ह' केले आणि गुण कापला. 'टुमॉरो' आला की भविष्यकाळ, तक्ता तसेच सांगत होता ना! ती म्हणाली, "पण सर, गाडी उद्या सहाला सुटते, असंच म्हणतो की आपण." मी तिला खाली बसवले. वाक्य तिचे बरोबर होते. इंग्रजी आणि मराठी दोन्ही तिच्या बाजूने होत्या, माझ्या बाजूने फक्त तक्ता. त्यानंतर वर्षभर तिने माझ्या तासाला हात वर केला नाही.

क्वर्क आणि सहकाऱ्यांचे १९८५ सालचे जाडजूड इंग्रजी व्याकरण काळ दोनच मानते, वर्तमान आणि भूत. 'विल' हा 'कॅन', 'मे' यांच्या पंगतीतला. बरे, भूतकाळाचे रूप म्हणजे घडून गेलेली गोष्ट, हेही खरे नाही. आई जेवायला हाक मारते आणि पोरगं जागचं न हलता ओरडतं, "आलो!" कुठे आलाय? 'इफ आय हॅड मनी' मधला 'हॅड' याच जातीचा. पैसे पूर्वी होते असे नव्हे, आज नाहीत! 'पैसे असते तर घर घेतले असते', आपला संकेतार्थच की हा. आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ आम्ही मराठीच्या तासाला घोकून घेतो आणि पुढच्याच तासाला 'इफ' परग्रहावरून आल्यासारखा शिकवतो.

अडते ते वेगळ्याच ठिकाणी. 'मी दहा वर्षे पुण्यात राहतो आहे' म्हणणारे मूल सरळ 'आय ॲम लिव्हिंग' लिहिते. इंग्रजीला तिथे 'हॅव बीन लिव्हिंग' हवे. 'काल पाहिले आहे' मराठीत खपते, 'हॅव सीन' ला मात्र 'यस्टरडे' चालत नाही. ही दोन भाषांमधली फट दाखवायला मराठी मास्तरच हवा. तक्ता इथे मुका.

२००० सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले. वर्षे वाढली, तक्ता तोच, फक्त आता लॅमिनेट केलेला!

हे सगळे मी नातवाला तावातावाने सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "आजोबा, पण परीक्षेत तक्ताच येतो."