सौदा वीस लाखांचा, बँकेने घर धरलं चौदा लाखांचं! मधले सहा लाख जातात कुठे?

गावात जुनं पण पक्कं घर विकायला निघतं. सौदा वीस लाखांवर ठरतो, विसारही दिला जातो. मग बँकेचा माणूस येतो, टेप लावतो, फोटो काढतो अन् अर्ध्या तासात निघून जातो. आठवड्याने बँकेतून निरोप येतो, 'व्हॅल्युएशन कमी आलंय.' घेणारा तिथेच अडकतो. हा माणूस म्हणजे व्हॅल्युअर. त्याने किती किंमत लिहिली, यावर कर्ज ठरतं. म्हणून तो नेमकं काय बघतो, हे विसार देण्याआधीच माहीत असलेलं बरं.

हिशेब असा लागतो

व्हॅल्युअर जागेची किंमत वेगळी काढतो आणि बांधकामाची वेगळी. समजा, हजार चौरस फुटांचं स्लॅबचं घर आहे. आज तसंच नवं बांधायला चौरस फुटाला 1,600 रुपये लागतात. म्हणजे बांधकामाचे झाले 16 लाख. पण घर 20 वर्षं जुनं आहे. आरसीसी घराचं आयुष्य साधारण 60 वर्षं धरतात आणि शेवटी भंगार म्हणून दहा टक्के किंमत उरते असं मानतात. त्या हिशेबाने 20 वर्षांची घट 30 टक्के, म्हणजे 4 लाख 80 हजार. उरले 11 लाख 20 हजार. जागेचे 3 लाख धरले तर एकूण 14 लाख 20 हजार.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के रक्कम देता येते. इथे ती पावणेतेरा लाखांच्या आसपास जाते. बाकीचे सव्वासात लाख घेणाऱ्याच्या खिशातून. स्टॅम्प ड्युटी अन् नोंदणीचा खर्च वेगळाच.

फरशी चकचकीत, पण स्लॅब गळका

मालक पीओपी, टाईल्स, लोखंडी गेट दाखवतो. व्हॅल्युअरची नजर मात्र कॉलम-बीम, भिंतीतली भेग, स्लॅबची ओल आणि उघड्या पडलेल्या सळईवर असते. पुढे मजला चढवायचा म्हणून गच्चीवर सोडलेल्या सळया गंजल्या असतील, तर तेही तो टिपतो. घराचं उरलेलं आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी भरलं, तर बँक मुदत कमी करते किंवा हात वर करते.

दगड-मातीच्या माळवदाच्या घरांचं दुखणं याहून मोठं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात अशाच जड छतांखाली हजारो माणसं गाडली गेली. उन्हाळ्यात गार राहणारं हे घर बँकेच्या लेखी म्हणूनच जोखमीचं. त्यात बहुतेक वेळा जागेचीच किंमत धरली जाते.

घर मजबूत, कागद कच्चा

ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा हा घरपट्टीसाठी असतो, तो मालकीचा पक्का पुरावा नाही. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. ती पत्रिका हातात असली तर बँकेत बोलणं सोपं जातं. पण पत्रिकेने मालकी सिद्ध होते, भाव वाढत नाही. कर्ज थकलं तर हे घर कोण घेईल, हा बँकेचा खरा प्रश्न असतो. गावात गिऱ्हाईक कमी, म्हणून भावही हात राखून धरला जातो.

रिपोर्ट बघायला मागा

अमेरिकेत घराच्या स्थितीला सी-1 ते सी-6 आणि बांधकामाच्या दर्जाला क्यू-1 ते क्यू-6 असे ठरलेले शेरे देतात. सी-6 म्हणजे दुरुस्ती झाल्याशिवाय नेहमीचं कर्ज अवघड. मुख्य म्हणजे त्या रिपोर्टची प्रत कर्जदाराला द्यावीच लागते. आपल्याकडे व्हॅल्युअरची फी बहुधा कर्जदारच भरतो, पण रिपोर्टात काय लिहिलंय ते अनेकांना कधी कळतच नाही.

तरी काही गोष्टी हातात आहेत. विसार देण्याआधी बँकेत चौकशी करावी. पाहणीच्या वेळी स्वतः हजर राहावं. बांधकाम परवानगी, नकाशा आणि दुरुस्तीची बिलं समोर ठेवावीत. मोजमाप किंवा घराचं वय चुकलं असं वाटलं, तर लेखी अर्ज करून रिपोर्टची प्रत आणि फेरपाहणी मागावी. कर्ज नाकारलं तर मुख्य कारण लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. तक्रार दिल्यावर 30 दिवसांत बँकेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आणि विसारपावतीवर एक ओळ आधीच लिहून घ्यावी: कर्ज मंजूर झालं नाही तर विसार परत. ही ओळ नसली, तर घरही जातं आणि विसारही.