पंच उदुंबर : त्याग आणि ओळख



गेल्या सुटीत धाकटा नातू धर्मापुरीस आला होता. पाठशाळेत शिकलेले अष्टमूलगुण त्याने न अडखळता म्हणून दाखविले : मद्य, मांस, मधु आणि पंच उदुंबर फळे यांचा त्याग. दुसऱ्या दिवशी सकाळी केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिराकडे फिरावयास निघालो असता त्याने विचारले, "आजोबा, वड, पिंपळ आणि उंबर मला ठाऊक आहेत. पाकर आणि कठूमर कोणते? दाखवा ना."

मला दाखविता आले नाही. नोकरीत असताना नमुना सही ताडून पाहिल्याविना एकही धनादेश संमत केला नाही; परंतु बालपणापासून ज्या पाच फळांचा त्याग उच्चारीत आलो, त्यांपैकी दोहोंची झाडे मी कधी पाहून घेतली नव्हती. त्या लाजेपोटी जे शिकलो, ते येथे मांडतो.

आचार्य अमृतचंद्रांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' ग्रंथात ही पाच फळे वर्ज्य सांगितली आहेत. श्वेतांबर परंपरेतही बावीस अभक्ष्यांत त्यांची गणना प्रथम होते. या पाचही झाडांची जात एक. पान किंवा डहाळी दुखावली की पांढरा चीक येतो, म्हणून त्यांना क्षीरीवृक्ष म्हणतात. कोवळ्या पालवीवर टोकदार आवरण असते. ते गळाले की डहाळीवर कड्यासारखी खूण उरते. हे कडे दिसले की घराणे कळले. पुढे प्रत्येकाची ओळख पटवावयाची.

वडाचे पान रुंद, जाड, चामड्यासारखे आणि टोकाशी बोथट असते. साल राखाडी व बरीचशी गुळगुळीत. पारंब्या तर सर्वांच्या परिचयाच्या आहेत.

पिंपळाचे पान हृदयाकृती असून त्याचे टोक शेपटीसारखे लांब निमुळते होते. देठ लांब व लवचीक, म्हणून किंचित वाऱ्यानेही पाने सळसळतात. जुन्या झाडाची साल खपल्यांनी सुटते.

पाकर म्हणजेच प्लक्ष. मराठीत यास पिंपरी म्हणतात. येथेच डोळा फसतो. लांब देठामुळे पान दुरून पिंपळाचे वाटते. परंतु ते लांबट असते, बुडाशी हृदयासारखी खोल खाच नसते आणि टोक आखूड असते. साल करडी व गुळगुळीत. पारंब्या असल्याच तर थोड्या व बहुधा खोडाला बिलगलेल्या. जुनी पाने एकदम गळून अल्पकाळातच सारे झाड नव्या पालवीने भरते.

उंबराचे पान निमुळते व गुळगुळीत; त्यावर पुष्कळदा कीटकांमुळे आलेल्या गाठी दिसतात. साल करडी-तांबूस. सर्वांत पक्की खूण म्हणजे फळांचे घोस थेट खोडावर व जाड फांद्यांवर लगडतात.

कठूमर म्हणजे काकोदुंबर अथवा काळा उंबर. काही ठिकाणी या नावाने अंजीरही सांगितला जातो. काळ्या उंबराचे पान हाताला खरखरीत लागते, कोवळ्या डहाळ्या केसाळ व पोकळ असतात. उरलेल्या चौघांची पाने डहाळीवर एकाआड एक येतात, याची मात्र बहुधा समोरासमोर जोडीने. झाड लहान असते आणि ओढ्याकाठी, ओलाव्याच्या जागी वाढते.

आता त्यागाचे कारण. दुर्मीळ माणसास आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. वास्तविक ती फुले फळाच्या पोटातच असतात. टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रातून चिमुकली गांधीलमाशी आत शिरते, परागीभवन करते, अंडी घालते आणि बहुधा तेथेच मरते. तिची पिले फळातच वाढतात. 'उंबर फोडून केंबरे काढणे' हा वाक्प्रचार याच अनुभवातून आला. त्रसजीवांच्या घातापासून वाचावे, एवढाच त्या त्यागाचा अर्थ. वृक्षाविषयी अनादर त्यात नाही. भगवान ऋषभदेवांना केवलज्ञान वटवृक्षाखाली झाले आणि भगवान अनंतनाथांना पिंपळाखाली. ज्याचे फळ वर्ज्य, त्याचीच छाया वंद्य, हे मुलांना अवश्य सांगावे.

मुलांना झाडे दाखविताना एक पथ्य पाळावे. चीक पाहण्यासाठी साल खरवडू नये, पानही तोडू नये. गळलेले पान पुरेसे असते. आणि केवळ पानावर निर्णय देऊ नये. एकाच झाडावर कोवळे व जून पान निराळे दिसते. पान, साल आणि फळाची जागा या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच नाव घ्यावे.

या रीतीने मी चार गळलेली पाने मिळविली. पाकर तर ज्या रस्त्याने वर्षानुवर्षे जात होतो, त्याच रस्त्यावर निघाला. मी त्यास पिंपळ समजत होतो. जुन्या खातेवहीत ती पाने ठेवून प्रत्येकाखाली नाव व तिथी लिहिली आहे. पाचवे पान अद्याप गवसलेले नाही. नातवास तसे कळविले, तर त्याचे उत्तर आले, "ती जागा मोकळी ठेवा. दिवाळीत आल्यावर आपण दोघे ओढ्याकाठी जाऊ."

जागा मोकळी ठेवली आहे. जय जिनेंद्र.