कार्ड मेले नव्हते, दुभाषी नव्हता

आमच्या कोंढव्याच्या घरात २०१३ सालचा एक लॅपटॉप आहे. थोरल्याच्या कॉलेजसाठी घेतलेला, आता धाकटीकडे आलेला. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला आणि विंडोज ११ या जुन्या यंत्रावर चढत नाही. नवा घ्यायचा तर घरखर्चातून तेवढी रक्कम बाजूला निघत नव्हती. म्हणून धाकटीच्या हट्टापायी आम्ही त्यावर लिनक्सच्या घराण्यातले झुबुंटू टाकले. फुकट मिळते आणि जुन्या यंत्राला झेपते.

लॅपटॉप झटकन सुरू झाला, पण वाय-फाय दिसेना. धाकटीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला चार दिवस उरले होते. राउटर वरच्या मजल्यावर भाईजानकडे, आणि घरातला मोबाइल दिवसभर तिच्या अब्बूंसोबत दुकानात. एका दुरुस्तीवाल्याने सांगितले, "कार्ड गेलंय, यात पैसे घालू नका, नवीनच घ्या." पोरीचा चेहरा उतरला.

त्या रात्री आम्ही दोघी शांतपणे बसलो. काय केले, ते क्रमाने सांगतो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, बटण. अनेक लॅपटॉपवर वाय-फाय बंद करण्याची एक कळ असते, ती चुकून दाबली जाते. आमची तशी नव्हती.

दुसरी गोष्ट, कार्ड आहे की नाही ते पाहणे. टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडून 'एलएसपीसीआय' ही पाच अक्षरे इंग्रजीत, लहान लिपीत टाइप केली, पुढे जागा सोडून वजाचे चिन्ह आणि दोनदा एन. यंत्रातल्या भागांची यादी आली. त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' या शब्दांपुढे ब्रॉडकॉम कंपनीचे नाव होते आणि चौकटी कंसात १४ई४:४३६५ असा क्रमांक. धाकटी ओरडलीच, "अम्मी, कार्ड तर आहे!" यादीत नाव आले, म्हणजे लॅपटॉपला कार्ड दिसत होते. मेलेले कार्ड सहसा यादीत येत नाही.

मग अडले कुठे? आमच्या घरी नानी दखनी बोलतात, शेजारच्या आजी मराठी. दोघी भेटल्या की मध्ये नातीला बसावे लागते. कार्ड आणि लिनक्स यांच्यामध्ये बसणाऱ्या अशा दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. बहुतेक दुभाषी लिनक्ससोबतच येतात. पण काही कार्डांचा ड्रायव्हर कंपनीने बंदिस्त ठेवलेला असतो, त्याचा मजकूर कुणाला वाचता वा सुधारता येत नाही. असा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. आमचे कार्ड त्यातले निघाले.

ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर! यावर उपाय सोपा. मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करायचे. लिनक्सला ती साधी वायर वाटते. मग 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' उघडून ब्रॉडकॉमचा पर्याय निवडला.

इथे आम्ही एकदा चुकलो. मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगितला, तो ठरवला. लॅपटॉप पुन्हा सुरू होताना निळा पडदा आला, तो घाईने पुढे ढकलला. वाय-फाय तसेच बंद. सिक्युअर बूट नावाचा पहारेकरी अनोळखी ड्रायव्हरला आत सोडत नाही. त्या निळ्या पडद्यावर 'एन्रोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यावा लागतो. दुसऱ्यांदा सारे नीट केले आणि कोपऱ्यात वाय-फायची खूण उमटली. अर्ज दुसऱ्याच दिवशी गेला.

लिनक्स म्हणजे गरिबाची तडजोड, असे कुणी समजू नये. १९९१ साली आपल्या पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्याच वर्षी फिनलंडमध्ये लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स जाहीर केले. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतले सगळे लिनक्सवर चालतात. २०२० मध्ये सी-डॅकचा परम सिद्धी त्या यादीत होता.

तुमच्या घरी जुना लॅपटॉप पडून असेल तर आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे साठवा. मग लिनक्स पेनड्राइव्हवरून नुसते चालवून पाहा. काही न पुसता वाय-फाय चालते की नाही ते तिथेच कळते. तापकीर गल्लीतून यूएसबीचे वाय-फाय घेणार असाल तर आतली चिप कोणती आणि ती लिनक्सवर चालते का हे विचारा, न चालल्यास परत घेणार का हेही. स्वस्त दिसते म्हणून घाई नको.

आणि कुणी 'गेलंय' म्हणाले तर यादी बघितल्याशिवाय पैसे काढू नका. आता वरच्या मजल्यावरची भाईजानची मुलगी तिचा लॅपटॉप घेऊन खाली आली आहे. दुरुस्ती धाकटी करते, आम्ही चहा करतो.