मारुतीला मारुतीच राहू द्या

'करायला गेलो गणपती आणि झाला मारुती' ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरात सध्या उलटा कार्यक्रम चाललाय. मारुती दारात उभी आहे आणि सगळे मिळून तिचा गणपती करायला निघालेत. म्हणून हे थोडं भांडण. नातेवाईक मंडळी वाचतातच, त्यांनी मनावर घ्यावं. बाकीच्यांनी मजा बघावी.

गाडी म्हणजे बाबांची मारुती ८००, १९८७ची. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर. बाबा गेल्यावर ती धुळ्याला काकांच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली सहा वर्षं उभी होती. गेल्या दिवाळीत सगळी भावंडं जमली, भरीत-पुरी झाली आणि ठराव पास झाला की गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची. टेम्पोत घालून ती जळगावला आणली. मुलांनीही हात काळे करायचे असं ठरलं. इथपर्यंत उत्तम.

मग भाच्याची यादी आली. रुंद टायर आणि अलॉय, मागे स्पॉयलर, निळसर एलईडी, टचस्क्रीन, आणि जमलंच तर मोठं इंजिन. वर पुन्हा, "मावशी, अपग्रेड करतोय, बिघडवत नाही." अरे बाबा, मारुतीला शेंदूर लावतात, स्पॉयलर नाही!

गंमत सोडा. या यादीतली एकही वस्तू आत बसणाऱ्या माणसासाठी नाही. सगळी बाहेरून बघणाऱ्यासाठी आहे. रुंद टायरनं स्टिअरिंग जड होतं आणि वळताना टायर मडगार्डला घासतं. हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी कोंबला की प्रकाश फाकतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. मोठ्या इंजिनाचं तर बोलूच नका. साडेसहाशे किलोच्या आसपासचं हे पत्र्याचं लेकरू, त्याचे ब्रेक, त्याचा सांगाडा, सगळं त्या छोट्या इंजिनाच्या मापाचं आहे. शिवाय नोंदणीच्या वेळची मूळ बनावट मनाला येईल तशी बदलता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तेच पुन्हा बजावलं.

आता दुसरा पक्ष. हा माझ्या थोरल्या भावाचा, आणि हा मला जास्त त्रास देतो, कारण याचं बोलणं गोड आहे. दादा म्हणतो, गाडी होती तश्शी ठेवायची, एक स्क्रूसुद्धा नवा नको. मी म्हटलं, मागच्या सीटला पट्टे बसवून घेऊ. दादा दुखावला. म्हणाला, "पद्मालयाला चतुर्थीला आपण सात जण जायचो या गाडीतून. तेव्हा कुठे होते पट्टे? पट्टे लावलेस तर ती बाबांची गाडी उरेल का?"

दादा, तू त्या प्रवासातली गाणी लक्षात ठेवलीस. मी मुकटीजवळचा ब्रेक लक्षात ठेवलाय. धुळ्याहून परत येताना मी पुढे आईच्या मांडीवर होते. म्हैस आडवी आली, बाबांनी ब्रेक मारला आणि माझं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. तीन टाके. टिकलीच्या वर खूण अजून आहे. बाबांचा वेग पन्नासच्या वर नसेल. त्या रात्री बाबा जेवले नाहीत, हे तुला आठवत नसेल, तू लहान नव्हतास पण झोपला होतास. तेव्हा पट्टे मिळाले असते तर बाबांनी ते दुसऱ्या दिवशी बसवून घेतले असते. मग त्यांच्या गाडीत ते आज बसवले तर ती त्यांची कशी उरत नाही?

आणि तो रस्ता तरी कुठे तोच राहिलाय? तेव्हाचा हायवे नंबर ६ आता ५३ झाला. पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळ्यापर्यंतच्या नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवर आता ट्रक आणि कंटेनर कानाजवळून जातात. २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, ते महागड्या मजबूत गाडीत मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. तिथे आपल्या पत्र्याच्या डबीची काय कथा!

तर माझं म्हणणं एवढंच. दुरुस्ती करताना दर वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: ही आत बसलेल्या किंवा समोरून येणाऱ्या माणसाला वाचवते का? वाचवत असेल तर नवी घाला, बिनदिक्कत. नसेल तर जुनीच नीट करा.

या हिशेबानं आम्ही काय केलं ते सांगते. पायाखालचा पत्रा गंजून चाळण झाला होता. आधीच्या एका गॅरेजवाल्यानं त्यावर नुसती पुट्टी भरून रंग मारला होता, तो सगळा खरवडून नवा पत्रा वेल्डिंग करून घेतला. ब्रेकचे पाइप, व्हील सिलिंडर, लायनर सगळं नवीन. पेट्रोलचे रबरी पाइप नवीन, कारण ते कडक होऊन तडकतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री असतं. टायर नवे, पण मूळ मापाचे. हेडलाइटला नवी वायरिंग आणि रिले, बल्ब हॅलोजनचेच. मागचे पट्टे बसवताना मिस्त्रींनी मुलांना समजावलं की नुसत्या पत्र्याला भोक पाडून बोल्ट मारला तर धक्क्यात तो पत्र्यासकट उपटून येतो, म्हणून आतून जाड प्लेट लावायची. भाच्यानं ती प्लेट स्वतः कानशीनं घासली. टचस्क्रीनचा विषय त्या दिवसापासून निघालेला नाही :)

पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो, एवढी सुरक्षेची काळजी आहे तर भंगारात द्या आणि एअरबॅगवाली नवी घ्या. त्याचं अर्धं बरोबर आहे, हे मान्य. ही गाडी आजच्या गाडीइतकी सुरक्षित कधीच होणार नाही. म्हणून आमचे नियम आहेत: चारच माणसं, साठच्या वर वेग नाही, रात्री हायवे नाही. खर्चाचंही तो खरं बोलतो. नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची, आणि त्याची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,०००. विंटेजचा मान मिळायला पन्नास वर्षं लागतात, म्हणजे २०३७ उजाडेल. पण दिल्लीसारखी वयाची बंदी आपल्याकडे नाही. गाडी तपासणीत पास होत असेल तर तिला वयावरून मारायचं कारण काय?

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंग यांना ज्या पहिल्या मारुतीची किल्ली मिळाली, ती त्यांनी २०१० मध्ये जाईपर्यंत विकली नाही. नंतर ती गंजत पडली होती. कंपनीनं ती पुन्हा पहिल्यासारखी केली आणि आपल्या कार्यालयात मांडली. छान झालं. पण ती आता फक्त बघायची. आमची जाणार आहे पद्मालयाला.

परवा काका धुळ्याहून आले होते. वय ऐंशीच्या पुढे. गाडीभोवती एक चक्कर मारली, आमची तिन्ही पक्षांची भाषणं ऐकून घेतली आणि म्हणाले, "चालस ना? मंग झालं." मग मागच्या सीटवर बसले. पट्टा कसा लावायचा ते त्यांना माहीत नव्हतं. दादानं वाकून लावून दिला.

दादा, आता तू हरलास. असो.