फडातल्या नटीचं परीक्षण कोण लिहिणार?

एक हिशेब मांडायचाय. पैशाचा नाही, छापील शब्दांचा.

कॉलेजात असताना आम्हाला आवडत्या नाट्यप्रयोगावर निबंध लिहायला सांगितला होता. मी वगावर लिहिला. आमच्या अकोले तालुक्यात जत्रेला तंबू लागायचा, बाप मला गर्दीतून पुढं ढकलायचा, मी पहाटेपर्यंत डोळे ताणून बघायचो. दुसरं नाटक बघितलंच कुणी होतं? सरांनी वही परत दिली. वर लाल शाईत शेरा : विषय सोडून लिहिले आहे.

तो शेरा एकट्या सरांचा नव्हता. अख्ख्या मराठी नाट्यसमीक्षेनं तमाशाच्या फडावर तोच शेरा मारून ठेवलाय.

अकोल्यातून प्रवरेच्या अंगानं खाली गेलं की संगमनेर. तिथं २५ मे २०२१ ला कांताबाई सातारकर करोनानं गेल्या. पेपरांनी त्यांना 'सम्राज्ञी' म्हटलं. १९३९ चा जन्म, गुजरातेत दगडाच्या खाणीवर राबणारे आईबाप, तुकाराम खेडकरांच्या फडात झालेलं नाव, १९६४ साली खेडकर गेल्यावर पदरात पोरं घेऊन केलेली वणवण, पुढं स्वतःचा फड, २००५ चा विठाबाई नारायणगावकर पुरस्कार. सगळं छापून आलं. सगळं खरं.

पण बाई नटी कशी होती? ते मी वाचलेल्या एकाही मृत्युलेखात नव्हतं.

या बाईनं वगात पुरुष पात्रं रंगवली. शिवाजी महाराज उभे केले. ज्या फडात बाई म्हंजे गवळणीतली मावशीच्या पुढं मुरडणारी राधा, एवढंच लोकांना ठाऊक, तिथं तिनं डोईवर जिरेटोप चढवला आणि समोरच्या हजारो माणसांना तो खरा मानायला लावला. कसा? आवाज कुठून काढला? चाल कशी बदलली? शिट्ट्या मारायला आलेल्या पब्लिकची शिट्टी घशातच कशी अडकवली? वगातले संवाद बरेचसे ऐनवेळी सुचायचे, म्हंजे रोज रात्री नवा प्रयोग. त्याचं शास्त्र काय? हे प्रश्न समीक्षकाचे आहेत. पण समीक्षक तंबूत आलाच नाही. आला असेल तर लावणीपुरता, आणि बैठकीत जाऊन बसला.

कुणी म्हणेल, तमाशाला मराठी समीक्षेत जागा नाही असं कसं? आहे की! १९६५ ला वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' आलं, १९७२ ला तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल'. लोकरंगभूमीचे ढंग खुर्च्यांच्या थिएटरात आले आणि पानंच्या पानं भरली. दादा कोंडके गिरणगावातला माणूस, त्याचं कौतुक झालं ते रास्तच. आमचा राग त्या नाटकांवर नाही. पण तोच गण, तीच बतावणी कनातीत झाली की करमणूक, आणि तिकीटबारीच्या थिएटरात झाली की प्रयोगशीलता, हे कुठल्या सौंदर्यशास्त्रात बसतं?

मागं जा. पठ्ठे बापूराव, रेठऱ्याचा कुलकर्णी. त्याच्या लावण्या पुस्तकात गेल्या, अभ्यासात गेल्या. त्याच्या फडाचा जीव असलेली पवळा ही संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची, महाराची पोर. तिचं काय उरलं? रूपाच्या दंतकथा. शाहिराची कला राहिली, नटीचं फक्त रूप राहिलं.

विठाबाईचं बघा. बापाच्या फडाच्या नावात 'भाऊ मांग' होतं, ते तिनं मिरवलं. १९५७ आणि १९९० ला राष्ट्रपतींच्या हातचा सन्मान मिळाला, शेवट हलाखीत झाला, २००२ ला गेली. सरकारनं पुरस्काराला नाव दिलं विठाबाई नारायणगावकर. 'मांग' तेवढा गळाला.

आता आपल्या घरातलं बोलू. कडू आहे. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली देणगी बाबासाहेबांनी नाकारली, महार बायांना नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणाले, ही आठवण चळवळीत सांगतात. बाबासाहेबांचं बरोबरच होतं. त्यांनी बाईचं शोषण नाकारलं. भीमराव कर्डकांनी तमाशाचाच बाज घेतला आणि जलसा उभा केला, तेही बरोबर. पण आपण काय केलं? पैसा नाकारला त्याचा अर्थ बाई नाकारली असा लावला. फडातली बाई आपल्या सभेत लाजेचा विषय झाली. पांढरपेशांनी तिला बघितलं पण वाचलं नाही. आपण तर बघायचंही सोडलं.

म्हणून म्हणतो, तिचं दुःख पुरे झालं. दुःखावर हळहळायला सगळे तयार असतात, कारण हळहळीला पैसे पडत नाहीत. तिच्या कामाला नावं ठेवायची असतील तर ठेवा, पण काम म्हणून ठेवा. वग फसला तर फसला म्हणा, बाईचा सूर चुकला तर चुकला म्हणा. तोही मान आहे. नाटकवाल्यांना तो रोज मिळतो.

दसऱ्याला फड बाहेर पडतात. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी सुपाऱ्या द्यायला येतात. यंदा तिथं जा. वही घेऊन जा. वग संपेपर्यंत उठू नका. मग लिहा : कोण आली, काय बोलली, कुठं थांबली, पब्लिक कधी गप झालं.

आणि वर ठळक अक्षरात तिचं नाव घाला. पूर्ण नाव. जातीसकट, तिनं लावलं असेल तर.

सरांना ती वही मी नेऊन दाखवणार आहे.